सरकणारा कॅलिपर म्हणजे खराब ब्रेक नव्हे

पुण्यातल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘कॅलिपर हाताने आडवा सरकला तर ब्रेक गेला, सिंहगड उतरू नका, पिना जाम करून घ्या.’ हे चुकीचं आहे, आणि पिना जाम करणं तर धोक्याचंच. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क (तबकडी) दोन पॅडांमध्ये दाबून ब्रेक लावणारा भाग; पिना म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या छोट्या दांड्या.

बऱ्याच बाइकना फ्लोटिंग, म्हणजे सरकणारा, कॅलिपर असतो. पिस्टन (ब्रेक दाबल्यावर पुढे येणारा दट्ट्या) एकाच बाजूला. तो आपल्याकडचा पॅड डिस्कवर दाबतो, की अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून समोरचा पॅड ओढून आणतो. पिना गंजून कॅलिपर सरकेनासा झालेली गाडी गॅरेजवर उघडली की एक पॅड मागच्या पत्र्यापर्यंत झिजलेला आणि दुसरा जवळजवळ नवा निघतो.

फिक्स्ड कॅलिपरला दोन्हीकडे पिस्टन, त्यामुळे तो सरकत नाही. तो हलला तर मात्र लगेच बोल्ट तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.