मार्क म्हणजे मत्तयाचा सारांश? आधी याईराची गोष्ट वाचा

शुभवर्तमान म्हणजे बायबलमधला येशूचा वृत्तान्त; मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी ती चार. ती पहिल्यांदाच अभ्यासाला घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "मार्क सोडा. तो मत्तयाचा सारांश. जन्मकथा नाही, शिकवण नाही, शेवटही मागाहून जोडलेला. योहान सोपा, तिथूनच सुरुवात करा." मी नवख्यांच्या हाती मार्कच देतो, म्हणून हे उत्तर.

सारांशाची समजूत जुनी आहे, अगदी चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या काळापासूनची. मार्कचे अध्याय 16, मत्तयाचे 28, वाटणारच. पण एकच प्रसंग दोन्हीकडे शेजारी ठेवून वाचा. आजारी मुलीसाठी येशूकडे धावलेला सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याच्या मुलीची गोष्ट मार्कात 23 वचनांची (अध्याय 5, वचनं 21-43), मत्तयात 9 वचनांची (9:18-26). सारांश मुळाच्या अडीचपट? मत्तयात बाप येतो तोच मुलगी गेली म्हणत. त्याचं नावही नाही. मार्कात ती अजून जिवंत आहे, शेवटच्या घटका मोजतेय. वाटेत रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेली, वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवून बसलेली बाई येशूच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. कोण शिवलं म्हणून गर्दीत बघत राहतो. याईराचं त्या वेळी काय झालं असेल, मार्क सांगत नाही. घरून निरोप येतो, मुलगी गेली. तरी येशू जातो आणि तिला उठवतो. मुलीचं वय बारा, हे तो शेवटी जाता जाता सांगतो. म्हणजे इकडे त्या बाईचं दुखणं सुरू झालं, तिकडे मुलगी जन्मली. मत्तयात वय नाही, तिला उठवताना येशूने उच्चारलेले 'तलीथा कूम' (मुली, ऊठ) हे अरामी शब्दही नाहीत. अशा तुलनांमुळेच बहुतेक अभ्यासक मार्क आधीचा मानतात, साधारण इ.स. 70 च्या आसपासचा; मत्तय आणि लूक यांनी तो समोर ठेवून लिहिलं.

जन्मकथा नाही, खरं. योहानात तरी कुठे आहे?

शिकवण कमी, हे मात्र मान्य. डोंगरावरचं प्रवचन मार्कात नाही, प्रभूची प्रार्थना नाही. त्यासाठी मत्तयाकडे जावंच लागतं. पण 'नाही' म्हणणाऱ्याने चौथा अध्याय उघडलेला दिसत नाही. पेरणाऱ्याचा दाखला तिथेच आहे, अर्थासकट.

योहानाचे शब्द सोपे, वाक्यं सरळ. पण "प्रारंभी शब्द होता" वाचल्याबरोबर नवखा विचारतो, कुठला शब्द? मग बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय काढा, 'शब्द'साठी मुळात असलेला ग्रीक 'लोगोस' समजावा. पहिली बैठक पहिल्याच वचनावर संपते. मार्कच्या पहिल्या अध्यायात तेवढ्या वेळात बाप्तिस्मा, अरण्य, जाळी टाकून निघालेले कोळी आणि तापाने पडलेली पेत्राची सासू, सगळं होऊन जातं.

राहिला शेवट. 16:9-20 ही वचनं बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत, हे बरोबर. ते लपवू नका. आठव्या वचनावर थांबून वाचायला सांगा: बायका कबरेपासून पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात.