फ्लॅट माझा, आणि बोलावणं नवऱ्याला

परवा रात्री पावणेनऊला बेल वाजली. मी कणीक मळत होते, तशाच पिठाच्या हातांनी दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात फाइल, पेनाचं टोपण काढून तयार. "वहिनी, सर आहेत का? रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही हवी होती." म्हटलं, द्या, हात धुऊन येते, मी करते. तर म्हणाले, "तुमचीही घेऊच की, खाली जागा आहे. पण सरांशी एकदा बोलून घेतो." आणि माझ्या खांद्यावरून घरात बघत उभे राहिले.

अहो, फ्लॅट माझा आहे! 2009 साली मी घेतला. कर्ज माझ्या पगारावर काढलं, चौदा वर्षं हप्ता माझ्या खात्यातून गेला. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, पहिलं नाव माझं, नवऱ्याचं दुसरं. सहकार कायद्यात दुसऱ्या नावाच्या माणसाला जॉइंट मेंबर म्हणतात. पहिल्या नावाचा सभासद हजर नसेल तरच त्याला मत देता येतं. म्हणजे सभासद मी, मत माझं. आणि दारात उभा राहिलेला माणूस, जो त्या सोसायटीचं दप्तर सांभाळतो, ज्याला हे सगळं माझ्याहून चांगलं माहीत आहे, तो मला विचारतो सर आहेत का!

हे आज सुरू झालेलं नाही. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात नवरा आहे, मी नाही. मला घ्या म्हणून तीनदा सांगितलं. उत्तर काय, तर "ग्रुपवर घरटी एकच नंबर ठेवलाय." बरं, मग एकच ठेवा, पण तो माझा ठेवा ना! सभासद कोण आहे? त्यावर कोणी बोलत नाही. बायकांचा वेगळा ग्रुप आहे, त्यात मला न विचारता घातलं. तिथे संक्रांतीचं वाण, गणपतीत प्रसाद कोणाकडे, कामवाल्या मावशी कुठल्या वेळेला मोकळ्या आहेत, हे येतं. सभेची नोटीस तिथे येत नाही. चाळीस वर्षांची इमारत पाडून नवी बांधायची, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम ज्यात अडकली आहे ते घर पाडायचं, त्याची सभा झाली हे मला दुसऱ्या दिवशी भाजी आणताना जिन्यात कळलं.

4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे पुनर्विकासाचा. त्यात किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते असं आहे. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. मी ते मागितलं. आठ दिवस टाळाटाळ झाली, मग पेन ड्राइव्हवर मिळालं. एक तास दहा मिनिटांचं आहे, सगळं बघितलं. आमच्याकडे 24 फ्लॅट. त्यातल्या सातांवर पहिलं नाव बाईचं आहे. खोलीत खुर्च्यांवर दिसतात ते सगळे पुरुष. चाळीस मिनिटांनी पहिल्यांदा बाईचा आवाज ऐकू येतो. ती विचारते, "चहा सगळ्यांना मिळाला का?"

त्या सभेत काय ठरलं बघा. पार्किंगवर अर्धा तास. कोणाची गाडी कुठे, दोन गाड्यांना जागा मिळणार का. स्वयंपाकघरावर एक वाक्य नाही. नकाशा मी नवऱ्याच्या फोनवर मोठा करून बघितला. ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरालगतची धुण्याभांड्यांची जागा, अडीच फूट रुंद. तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं म्हणे. आमचं मशीन समोरून उघडतं, ठेवलं तर त्याचं दारच पुरतं उघडणार नाही, पुढे वाकून कपडे काढायचे तर माणूस उभा कुठे राहणार? वर कपडे वाळत घालायची दोरी. ओट्यावर गॅस आणि सिंक यांच्यामध्ये पोळपाट मावेल एवढीही जागा नाही. रोज तीन-चार तास ज्या जागेत उभं राहून काम होतं ती जागा, तिथे कधी चहाचं आधण न ठेवलेल्या माणसांनी पास करून टाकली. एकानेही घरी जाऊन विचारलं नाही.

माझं एकवेळ ठीक, मी भांडते. दुसऱ्या मजल्यावर काकू आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. काका गेल्यावर फ्लॅट रीतसर त्यांच्या नावावर झाला. शेअर सर्टिफिकेट त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, त्यावर रबरबँड लावून, देवघराखालच्या कप्प्यात ठेवलं आहे. मला काढून दाखवलं. मागच्या बाजूला त्यांचं नाव, तारीख, शिक्का. आणि कमिटी बोलते कोणाशी? नाशिकच्या मुलाशी. भाडं किती हवं, काम चालू असेपर्यंत त्या कुठे राहणार, सगळं मुलाशी फोनवर. काकू मला म्हणाल्या, "अगं, मला कोणी विचारलंच नाही मी कुठे राहणार ते." सांगताना रबरबँड परत नीट बसवत होत्या. मला त्या रात्री झोप आली नाही.

कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत, कायद्याने आहेत. आमच्याकडे भरलेल्याही आहेत. बैठकीला त्यांचे नवरे जातात. मिनिट्सवर, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तावर, सही करायला वही घरी पाठवतात. दोघींपैकी एकीला मी विचारलं, तर म्हणाली, मला काय ठरलं ते वाचायलाही वेळ नसतो गं, ते म्हणतात इथे कर, मी करते.

1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आता कितीतरी घरं बायकोच्या नावावर होतात. तेव्हा नाव चालतं. पैसे वाचवायला आमचं नाव पाहिजे, नोंदणी कार्यालयात अंगठा आणि फोटो द्यायला आम्ही पाहिजे. घराचं काय करायचं हे ठरवायला बसलात की मात्र सरांना पाठवा!

आणि हे पुण्यात. शंभर वर्षांपूर्वी इथल्या नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं निघालं, तेव्हा पैसे कमी आहेत, आधी मुलग्यांचं करू, मुलींचं मागाहून, असं म्हणणारे होते. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा पैसे कमी होते, आता ग्रुपवर नंबर कमी आहेत. आधी पुरुषांचं, आपलं मागाहून, हे काही बदललेलं नाही.

नवरा वाईट नाही, हेही सांगते. पण तो म्हणतो, "जाऊ दे ना, मी सांगतो ना तुला सगळं." नाही सांगत! ऑफिसातून येतो, विसरतो. सभेचं विसरला, नकाशाचं विसरला. आणि लक्षात ठेवून शब्दन् शब्द सांगितलास तरी मला ते नको आहे. माझ्या घराबद्दल मला विचारायचं, माझ्या तोंडासमोर. त्या रात्री सेक्रेटरी दारात असताना तू बाहेर येऊन "तिच्याशी बोला, घर तिचं आहे" एवढं म्हणायला हवं होतंस. तू म्हणालास, "या ना आत, बसा."

काल मी लेखी अर्ज दिला. यापुढची प्रत्येक नोटीस पहिल्या नावाच्या सभासदाला, त्याच्या हातात, सही घेऊन द्यावी. पोच मागितली तर म्हणाले, "सरांशी बोलतो." पोच मिळेपर्यंत मी सोसायटीच्या ऑफिसातून हलले नाही. पाऊण तास उभी होते. शेवटी शिक्का मारला.

संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. ड्राय बाल्कनी किमान चार फूट आणि ओट्याचा नकाशा बदलून आल्याशिवाय करणारही नाही. रविवारी साडेदहाला पुन्हा सभा आहे. काकू येणार आहेत, पिशवी घेऊन. त्यांना दोन मजले उतरायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दहालाच निघणार आहोत. खुर्च्या पुढच्या रांगेतल्या घेऊ.