कोकणाच्या वाट्याला काय आलं?
२०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळात अजितदादांच्या राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांनी स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रीपद का नाकारलं, यावरचा एक लेख वाचला, पण कोकणाच्या, म्हणजे आमच्या बाजूचं कोणी लिहीतच नाही. २०२४ ला भाजप २४० वर अडकला, बहुमताला २७२ लागतात, म्हणजे मित्रपक्षांना सांभाळणं आलंच. पण अजितदादांच्या राष्ट्रवादीची एकुलती एक जागा आली ती आमच्या रायगडातून, तटकरेंची, आणि मंत्रिपदासाठी नाव पुढे आलं ते राज्यसभेतल्या पटेलांचं! भाजपचे नारायण राणेसाहेब रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निवडून आले, आधीच्या सरकारात कॅबिनेटला होते, त्यांनाही वगळलं, हे मला अजिबात पटलं नाही. १९७७ ला राजापूरच्या मधु दंडवतेंकडे थेट रेल्वे खातं होतं, आता मुंबई-गोवा हायवेसाठी कॅबिनेटमध्ये बसून भांडणारं आमचं माणूस कोण आहे सांगा?