ग्वाल्हेरचं लष्कर महालाच्याही आधीचं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागावरचा एक लेख वाचला. त्यात या भागाची गोष्ट थेट जयविलास महालापासून सुरू केलीय. तो महाल ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून पूर्ण केला. त्याआधीच्या साठ-पासष्ट वर्षांचं काय? इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या युद्धात दौलतराव शिंद्यांच्या हातून दिल्ली-आग्रा गेलं, १८०५ च्या तहात ग्वाल्हेर मात्र परत मिळालं. मग १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला त्यांचा तळ पडला तो कायमचाच. शिंद्यांची जुनी राजधानी उज्जैन मागे पडली. फिरत्या फौजेबरोबर बाजारही फिरायचा, वाणी, सराफ, शिकलगार सगळे. तळ हलेना म्हटल्यावर राहुट्यांच्या जागी हळूहळू भिंती आल्या. सरदारांचे वाडे उठले, त्यांच्या भोवती त्यांची माणसं. आजही रिक्षावाल्याला ‘शिंदे की छावनी’, ‘कंपू’, ‘चिटनीस की गोठ’, ‘फालका बाजार’ सांगा, बिनचूक नेऊन सोडतो (भाडं आधी ठरवा!). जुनं ग्वाल्हेर किल्ल्याच्या उत्तरेला वेगळंच. पूर्वेला मुरार, तिथे इंग्रजांची छावणी. १८८६ मध्ये इंग्रजांना झाशी देऊन, मधे त्यांच्या ताब्यात गेलेल्या किल्ल्यासकट ती शिंद्यांकडे परत आली. म्हणजे एका शहराच्या पोटात दोन छावण्या, आणि लेखात मुरारचं नावसुद्धा नाही. महालातल्या झुंबरांना मात्र दोन परिच्छेद!