फ्लोराइड आहे का, ते आधी बघा
'कुठलीही पेस्ट घ्या, ब्रश नीट फिरवला की झालं' हे टूथपेस्टवरच्या लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. रंग, चव, फेस, ब्रँड यांनी काही बिघडत नाही हे खरं. पण फ्लोराइड आहे की नाही याने फार फरक पडतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दातांवरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. ती पुन्हा बसायला फ्लोराइड मदत करतं, नुसत्या घासण्याने ते होत नाही. मोठ्यांसाठी ट्यूबवर फ्लोराइड 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लिहिलेलं असावं. आणि कृपा करून ब्रश झाल्यावर लगेच खळखळून चूळ भरू नका, फक्त थुंका! नाहीतर ते फ्लोराइड दातांवर टिकणार कसं?

लहान मुलांना 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, पुढे 6 वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

कोळशाच्या पेस्टबद्दल मात्र लेखात यायलाच हवं होतं. त्यातल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, शिवाय खरखरीत असेल तर इनॅमल झिजतं, आणि झिजलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.