माहेरी आणली, पण ताप कुणी विचारला?

वडगावात आमच्या गल्लीच्या खुटावर चहाच्या गाड्याला लागून एक दगडी कट्टा आहे. मागं मागांचा खटखटाट चालू असतो, त्यामुळं इथं बसणारे सगळेच मोठ्यानं बोलतात. परवा मात्र खरोखरच आवाज चढले, आणि सुरुवात मी केली. खासगी लॅबमध्ये काम करणाऱ्या आमच्या दोस्ताला मी विचारलं, "गरोदर बायकांचं एवढं रक्त काढता, त्यात मलेरिया का बघत नाहीसा?"

"बेळगावात मलेरिया कुठं हाय गा?" तो म्हणाला. "कर्नाटकात असलाच तर तिकडं किनाऱ्याला, मंगळूर-उडुपीकडं. हितं शंभर बायकांचं रक्त बघितलं तर शंभर निगेटिव्ह येतील. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, व्हीडीआरएल, बी कावीळ, लघवी, एवढं आधीच हाय. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीची रांग बघितलीस काय? त्यात आणि एक किट कोण लावत बसणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी ज्या कारणानं विचारलं, ते अजून कट्ट्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. ते तिथं सांगितलं.

माझी धाकटी बहीण मंगळूरला असते. दाजी तिकडं बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतात. पाचव्या महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, तिथं तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप गेला. सातव्यात आम्ही ओटी भरून तिला माहेरी आणलं. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. आठव्या महिन्यात पुन्हा ताप. इथल्या एका दवाखान्यात आधी व्हायरल म्हणाले, मग विडाल टेस्ट करून टायफॉइड म्हणाले. दहा दिवस सलाईन आणि इंजेक्शनं. पोरगी पांढरी फटक पडली, हिमोग्लोबिन सातवर आलं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, "ही आधी कुठं राहत होती?" रक्ताची काचपट्टी केली, व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं झालं. आता बरं आहे, पण ते पहिले पंधरा दिवस आईनं कसे काढले ते मी बघितलंय.

दहा दिवसांत तिला एकदाही कुणी विचारलं नाही की तू आलीस कुठनं. माझा राग त्याचा आहे.

लॅबवाला थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानंच जे सांगितलं ते त्याच्या आधीच्या बोलण्याच्या उलट जाणारं होतं, आणि त्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. मलेरिया वर्षानुवर्षं असलेल्या भागातल्या बाईच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. तिथं पहिलटकरणीला त्रास जास्त, पुढच्या खेपांना कमी. आपल्यासारख्या भागात वाढलेल्या बाईच्या अंगात ती नसतेच. तिला झाला तर जोरात होतो, पहिली खेप असो की तिसरी. म्हणजे "आपल्याकडं मलेरिया नाही" हे निर्धास्त राहायचं कारण नाही.

"आणि मलेरियाची ती दुसरी जात, फॅल्सिपेरम, असला तर आणि वाईट," तो म्हणाला. "त्याचे जंतू असलेल्या रक्तपेशी वारेला जाऊन चिकटतात. बोटाच्या रक्तात कमी सापडतात, काचपट्टीवर कधी सापडतच नाहीत, आणि तिकडं वारेत साठून पोराचं पोषण तोडतात. किट असलं तर बरं, पण त्याचं उलटं बी असतं. उपचार झाल्यावरही काही आठवडे किटवर रेघ येत राहते. म्हणून नुसती रेघ बघून पुन्हा गोळ्या द्यायच्या नसतात."

मेडिकलवाला मध्ये पडला. "मग तपासत बसण्यापेक्षा आफ्रिकेत देतात तसं सगळ्यांना गोळ्याच देऊन टाका की!" तिथं ते करतात हे खरं आहे. मलेरिया जास्त असलेल्या भागांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानं चौथ्या महिन्यापासून पुढं, किमान महिन्याच्या अंतरानं सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देतात, चाचणी न करता. पण आपल्या देशात ती पद्धत नाही. इथं तपासायचं, सापडला की औषध द्यायचं, आणि मच्छरदाणी. जिथं हजारात एखादीला असेल तिथं हजार जणींच्या पोटात औषध घालणं मलाही पटत नाही. गरोदरपणात तर नाहीच.

तेवढ्यात आशा कार्यकर्ती असलेल्या अक्का दुधाची पिशवी घेऊन जाताना थांबल्या. आमच्याच गल्लीतल्या. दोन मिनिटं ऐकून त्यांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली.

"सगळ्यांची चाचणी करा म्हणतोस ते सोड," त्या मला म्हणाल्या. "तेवढी किटं मिळणार नाहीत आणि मिळाली तर खरी गरज असलेलीला पुरणार नाहीत. विचारायला काय लागतंय? माझ्याकडं नोंदणीला येणाऱ्या किती तरी पोरी माहेरवाशिणी असतात. कोण गोव्यासनं, कोण मंगळूरसनं, कोण कुठल्या धरणाच्या कामावरनं. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड, सासरच्या गावात केलेलं. हितं नवीन कागद. आधीचा ताप त्या कार्डावर राहिला, पोरगी मात्र हितं आली. आणि नुसतं आपल्याच पोरींचं नको धरू. वीटभट्टीवर, बांधकामावर ओडिशा-झारखंडकडच्या बाया येतात, त्यांच्या पोटात बी पोर असतंय की. मी कन्नड बाईला 'चळिज्वर बंदित्ता' म्हणून विचारते, आपल्या बाईला 'थंडीताप आलता काय' म्हणून. त्या ओडिशा-झारखंडच्या बायांना विचारायला दुभाषा आणावा लागला तरी आणावा."

हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. सातव्या महिन्यात पोरीला माहेरी आणायची आपली रीत चांगली आहे, पण त्या एका प्रवासात तिची सगळी तब्येतीची गोष्ट तुटते. ओटीत खण-नारळ घेऊन येते, आधीच्या उपचाराची चिठ्ठी आणत नाही. आणि व्हायव्हॅक्सला तर त्या चिठ्ठीशिवाय चालतच नाही. त्याचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, झोपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. क्लोरोक्वीननं रक्तातले मरतात, यकृतातले नाही. त्यांच्यावर चौदा दिवस प्रायमाक्वीन लागतं, आणि ते गरोदर बाईला देता येत नाही. पोटातल्या बाळात जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं द्रव्य, कमी असेल तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते आधी कळायची सोय नाही. म्हणजे गरोदरपणी व्हायव्हॅक्स झालेल्या प्रत्येक बाईचा उपचार अर्धाच झालेला असतो. उरलेला बाळंतपणानंतर करायचा, हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

"गोळ्यांनी पोटाला धोका म्हणून बाया मलेरियाच्या गोळ्या घेतच नाहीत," मेडिकलवाला म्हणाला. हे त्यानं काउंटरवर रोज बघितलेलं. पोट पडायची भीती खरी आहे, पण ती तापाचीच जास्त. मलेरियानं गर्भपात होतो, दिवस भरायच्या आधी कळा येतात, बाळ पोटात दगावतं. क्लोरोक्वीन गरोदरपणात चालतं. फॅल्सिपेरमला पहिल्या तीन महिन्यांत पूर्वी क्विनाइनच द्यायचे. त्यानं साखर एकदम खाली जाते म्हणून लक्ष ठेवावं लागतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन द्यायला सांगितलं. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण मेडिकलमधनं दोन पॅरासिटामॉल आणून पोरीला पांघरूण घालणं बंद झालं पाहिजे. हे मी मेडिकलवाल्याच्या तोंडावर बोललो. त्याला लागलं. पण त्यानं मान डोलावली.

अण्णा इतका वेळ तंबाखू मळत होते. त्यांच्या लहानपणी डीडीटी मारणारे यायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. "साठ-पासष्टपर्यंत संपलाच म्हणत होते सगळे," ते म्हणाले. "शहात्तर साली देशात चौसष्ट लाख निघाले." आता २०३० पर्यंत देशातनं मलेरिया घालवायचं ठरलंय. आकडा खाली येतोय म्हणून विचारायचं सोडलं की काय होतं, ते अण्णांनी बघितलंय.

लॅबवाला शेवटपर्यंत सगळ्यांच्या चाचणीला कबूल झाला नाही. मीही आता तो हट्ट धरत नाही. पण बाहेरनं आलेली, ताप येऊन गेलेली, किंवा लोहाच्या गोळ्या चालू असून रक्त वाढत नसलेली, अशी गरोदर बाई समोर आली की तिच्या बोटाचा एक थेंब किटवर गेलाच पाहिजे. आज ताप नसला तरी. सरकारी दवाखान्यात ही चाचणी फुकट आहे आणि वीस मिनिटांत कळतं. यावर मी मागं हटणार नाही.

अक्का पिशवी उचलून निघाल्या आणि दोन पावलांवर वळल्या. "तुझी बहीण अजून हितंच हाय न्हवं? बाळंत होऊन तीन महिने झाले. त्या चौदा दिवसांच्या गोळ्यांचं कुणी काय सांगितलं काय तिला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बाळ अंगावर पितं, म्हणजे आधी दोघांची जी-सिक्स-पीडी तपासायची, मगच कधी द्यायच्या ते डॉक्टर ठरवणार, असं लॅबवाला म्हणाला. मी तिथूनच घरी फोन लावला आणि आईला म्हटलं, मंगळूरची ती चिठ्ठी शोधून ठेव, सकाळी लवकर जायचंय.