आकडे ७९, अक्षरं सहाच: स्मरणशक्तीच्या गेमबद्दल

"मेंदू म्हणजे स्नायू. रोज पंधरा मिनिटं मेमरी गेम खेळा, स्मरणशक्ती वाढेल, म्हातारपणी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणार नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय!" हा मेसेज पुन्हा फिरतोय, आणि पाठवणारी माणसं चांगली शिकलेली आहेत. म्हणून हे सविस्तर.

'मेंदू म्हणजे स्नायू.' ज्याचा सराव कराल ते सुधारतं, इथपर्यंत ठीक. पण त्यामुळे बाकीचंही सुधारतं का? कार्नेगी मेलन विद्यापीठातला एक विद्यार्थी संशोधनात एस. एफ. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याचा प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. सेकंदाला एक या वेगाने आकडे ऐकायचे आणि त्याच क्रमाने परत सांगायचे. सुरुवातीला त्याला चारचौघांसारखे सातेक आकडे जमायचे. दीड वर्षाहून जास्त सराव केल्यावर तो ७९ वर पोचला! गडी धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो मनात ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे एक मैल धावण्याची जवळपास विक्रमी वेळ, अशी नोंद करायचा. मग संशोधकांनी आकड्यांच्या जागी अक्षरं दिली, आणि स्वारी परत सहाच्या आसपास. स्मरणशक्ती होती तेवढीच होती. त्याला सापडली होती ती आकडे बांधून ठेवायची युक्ती.

'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' कुठल्या? २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ११,४३० जण होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी सहा आठवडे असे गेम खेळले. प्रत्येक गेममधला स्कोअर वाढला. न खेळलेल्या चाचण्यांमध्ये, अगदी त्याच धाटणीच्या चाचण्यांमध्येसुद्धा, त्याचा फायदा दिसला नाही. 'लुमॉसिटी' हे असल्याच गेमचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीवर तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला होता. २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ही बातमी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

'डिमेन्शिया होणार नाही.' इथे मेसेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' या चाचणीत ६५ वर्षांवरच्या २,८०० हून अधिक लोकांचे गट पाडले होते: स्मरणाचा सराव, तर्काचा सराव, नजरेने झटपट टिपण्याचा सराव, आणि काहीच सराव नसलेला गट. दहा वर्षांच्या पाहणीत डिमेन्शियाचं प्रमाण कमी दिसलं ते झटपट टिपणाऱ्या गटात. स्मरणाचा सराव केलेल्यांत तसा ठोस फरक आढळला नाही. म्हणजे मेसेज ज्याची भलामण करतो, नेमकं तेच बाद. शिवाय धोका कमी दिसणं वेगळं आणि 'होणारच नाही' वेगळं.

'करून बघायला काय जातं?' मजा म्हणून खेळा की! पण अलीकडे फार विसरायला होतंय म्हणून कुणी गेम लावून बसत असेल, तर वेळ जातो. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, काही औषधं, या सगळ्यांनी विसराळूपणा वाढतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. त्यात ऐकू कमी येणं आहे, रक्तदाब आहे, नैराश्य आहे, एकटेपणा आहे. घरात कुणाला दोनदा हाक मारावी लागत असेल, तर आधी कान तपासून घ्या.